ओठांवरून उतरलेले क्रियारूप

फ्रेंच भाषेच्या व्याकरणात एक क्रियारूप असे आहे की ते शिकविताना शिक्षक ओशाळतो, पाठ करताना विद्यार्थी हसतो, आणि ज्यांची ती जन्मभाषा आहे त्यांच्यासमोर ते बोलण्यात आलेच तर ऐकणारा किंचित मान वळवून बोलणाऱ्याकडे पाहतो. इंग्रजी व्याकरणात ज्यास सब्जंक्टिव्ह म्हणतात त्या अर्थाचा अपूर्ण भूतकाळ, ते हे रूप. आमच्या वाचकांपैकी फ्रेंच जाणणारे थोडे. तेव्हा परक्या भाषेतील एका मृतप्राय रूपासाठी मासिकाची इतकी पाने कशास खर्ची घालावयाची, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न वाजवी आहे. त्यास आमची दोन उत्तरे आहेत. एक असे की, भाषेतील एखादे रूप लोकांच्या तोंडून गेले म्हणजे वाङ्मयात त्याचे काय होते हा प्रश्न एकट्या फ्रेंचांचा नाही. मराठीच्या दारीही तो उभा आहे. दुसरे असे की, ह्या रूपाच्या नावाने आमच्या हातून एकदा अन्याय घडला आहे, आणि त्याची कबुली दिल्यावाचून ह्या विषयातून आमची सुटका नाही.

प्रथम ते रूप काय आहे ते पाहू. फ्रेंचमध्ये एक साधा भूतकाळ आहे. तो कथा-कादंबऱ्यांत व इतिहासात वापरतात, बोलण्यात नव्हे. त्या काळाचे द्वितीय पुरुषी एकवचन घ्यावे आणि त्यास ‘स’काराचा प्रत्यय लावावा, की हे रूप सिद्ध होते. ‘बोलणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून ‘पार्लास’, ‘संपविणे’पासून ‘फिनीस’, ‘इच्छिणे’पासून ‘व्हूल्यूस’, ‘येणे’पासून ‘व्हँस’. आ, ई, यू आणि अनुनासिक अँ असे हे चार सूर, आणि हजारो धातू ह्या चार सुरांत बसतात. ज्या भाषेच्या क्रियापदांनी जगभरच्या विद्यार्थ्यांस रडविले, त्या भाषेतील हे रूप घडणीच्या बाबतीत जवळजवळ निरपवाद आहे ही मोठी मौज होय. अडचण येते ती एवढीच की ज्या धातूस तो साधा भूतकाळच नाही त्यास हे रूपही नाही. गाईची धार काढणे ह्या अर्थाचा ‘त्रेर’ हा धातू असाच अभागी आहे. शेजाऱ्याने गाईची धार काढावी अशी इच्छा काल कोणाच्या मनात आली असेल, तर फ्रेंच व्याकरण त्याच्या मदतीस धावत नाही. त्याने वाक्य फिरवून तरी घ्यावे, नाहीतर स्वतःच चरवी घेऊन गोठ्यात जावे.

तृतीय पुरुषी एकवचनात मात्र ह्या रूपाची चर्या बदलते. तेथे ‘स’ ऐकू येत नाही. त्याच्या जागी शेवटच्या स्वरावर एक लहानसे टोपीसारखे चिन्ह बसते आणि पुढे एक न उच्चारला जाणारा ‘त’ लिहितात. ही टोपी म्हणजे गेलेल्या ‘स’ची खूण आहे. लॅटिनच्या पूर्णभूत सब्जंक्टिव्हचे ‘आमाव्हिस्सेत’ हे रूप आखडून ‘आमास्सेत’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘आमास्त’ झाले, पुढे त्यातील ‘स’ गळाला आणि त्याच्या जागी टोपी आली. जन्माने हे रूप एका काळाचे आणि कामाने दुसऱ्या काळाचे, अशी त्याची कुळकथा आहे.

त्याचे काम काय? मुख्य वाक्य भूतकाळी असेल, आणि त्याच्या पोटातील वाक्य इच्छा, भय, शंका, आज्ञा किंवा गरज ह्यांच्या अधीन असेल, तर त्या पोटवाक्यातील क्रियापदानेही भूतकाळाचा वेष धारण करावा असा पुस्तकी नियम आहे. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ येथे फ्रेंच मनुष्य ‘व्हिएन’ म्हणेल. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा होती’ येथे नियमाप्रमाणे ‘व्हँ’ म्हटले पाहिजे. मराठी वाचकाच्या हे लगेच ध्यानात येईल की आपल्या दोन्ही वाक्यांत ‘यावे’ हे एकच रूप आहे. इच्छा आज असो, काल असो वा उद्या होणार असो, आपला विध्यर्थ जागचा हलत नाही. काळ सांगण्याचे काम ‘आहे’, ‘होती’ आणि ‘असेल’ ह्यांनी करावे आणि ‘यावे’ने केवळ मनातील ओढ सांगावी, अशी आपल्याकडे कामाची वाटणी आहे. फ्रेंचांनी ओढीवरही काळाचा शिक्का मारला. म्हणूनच की काय, आमच्या विद्यार्थ्यांस हा नियम समजावून सांगताना पहिला प्रश्न नेहमी हाच येतो, की ह्याची गरज काय?

हाच प्रश्न पुढे फ्रेंचांनी आपल्या आपणच विचारला, आणि बोलण्यापुरते त्याचे उत्तर ‘काही नाही’ असे दिले. सतराव्या-अठराव्या शतकांत पॅरिसच्या बोलण्यातून तो साधा भूतकाळ हळूहळू मागे पडू लागला. त्याची जागा सहाय्यक क्रियापदाच्या संयुक्त भूतकाळाने घेतली. मूळ सुकले तशी त्यावर वाढलेली फांदीही सुकली. आज कोणीही सुशिक्षित फ्रेंच मनुष्य घरात, बाजारात किंवा कचेरीत ‘त्याने यावे अशी माझी इच्छा होती’ हे वाक्य वर्तमानाच्या ‘व्हिएन’नेच बोलतो, आणि त्यात काही चुकले असे कोणास वाटत नाही.

सरकारी कागदांतही ही माघार नोंदलेली आहे. २६ फेब्रुवारी १९०१ रोजी शिक्षणमंत्री जॉर्ज लेग ह्यांच्या सहीने निघालेल्या आदेशाने पहिली सवलत दिली: मुख्य क्रियापद ‘असे झाले तर बरे होईल’ अशा संकेताच्या रूपात असेल तर पोटवाक्यात वर्तमानाचे रूप चालवून घ्यावे. पुढे २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशाने हीच सवलत मुख्य क्रियापद भूतकाळी असतानाही दिली. हे दोन्ही आदेश परीक्षकांसाठी होते, हे येथे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. भाषेने कसे वागावे हे ते सांगत नव्हते. विद्यार्थ्याने अमुक लिहिले तर त्याचे गुण कापू नयेत, एवढेच सांगत होते.

आता ती कबुली. आमचा विषय इंग्रजी वाङ्मय; पण फ्रेंच आम्ही तरुणपणी हौसेने शिकलो, आणि महाविद्यालयातील फ्रेंचचा लहानसा वर्ग बरीच वर्षे आमच्याकडे होता. आम्ही ती भाषा पुस्तकांतून शिकलो होतो. लहानपणी ‘रामः रामौ रामाः’ घोकले तशीच ही रूपेही घोकली होती, आणि ज्या गोष्टीसाठी आपण रात्री जागलो ती गोष्ट अनावश्यक आहे हे कबूल करणे कोणाही मनुष्यास जड जाते. २००४ साली आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या उत्तरपत्रिकेत भूतकाळी इच्छेच्या पोटी वर्तमानाचे ‘व्हिएन’ आले. आम्ही त्याखाली तांबडी रेघ ओढली आणि दोन गुण कापले. ती पत्रिका घेऊन आली व म्हणाली, “सर, मी ज्या फ्रेंच बाईंशी बोलते त्या असेच बोलतात.” आम्ही उत्तर दिले, की रस्त्यावरचे फ्रेंच येथे चालावयाचे नाही. ती काही बोलली नाही. पुढील सत्रात तिने फ्रेंच सोडले. दोन गुणांमुळेच सोडले असे आम्ही म्हणत नाही. परंतु आमच्या त्या वाक्यामुळे सोडले नसेल असेही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. पुढे काही वर्षांनी १९७६ च्या त्या आदेशाचा मजकूर आमच्या वाचनात आला. तो फ्रान्सच्या परीक्षांपुरता होता व आम्हांस बांधणारा नव्हता हे खरे. पण ज्या देशाची ती भाषा त्या देशाने अठ्ठावीस वर्षांपूर्वी माफ केलेली चूक आम्ही येथे बसून दंडनीय ठरवीत होतो. धन्यापेक्षा पहारेकरी अधिक कडवा, त्यातलाच हा प्रकार.

परंतु आमचा अपराध कबूल केला म्हणजे त्या रूपाचा निकाल लागला असे नव्हे. ज्या काठीने आम्ही मारले ती काठी मुळात कशासाठी तोडली होती, हे टीकाकाराने पाहिलेच पाहिजे. ह्या रूपाविरुद्ध जे बोलले जाते त्याचे दोन भाग पडतात: एक, ते कानास विद्रूप लागते, दुसरा, त्यास स्वतंत्र अर्थ नाही, ते नुसते अलंकार आहे. दोन्हींचा क्रमाने विचार करू.

विद्रूपतेचा आरोप विनोदी लेखकांनी फार रंगविला. ‘आस’ हा अंत्यध्वनी फ्रेंचमध्ये आधीच तुच्छतेचा वाहक आहे. ‘पापिए’ म्हणजे कागद, तर ‘पापरास’ म्हणजे निरुपयोगी कागदांची रद्दी. ‘रेव्हे’ म्हणजे स्वप्न पाहणे, तर ‘रेव्हासे’ म्हणजे रिकामटेकडे बसून मनोराज्य करणे. तशात ‘शकणे’ ह्या धातूचे प्रथम पुरुषी ‘प्यूस’ हे रूप उच्चाराने पिसू ह्या अर्थाच्या शब्दाशी तंतोतंत जुळते. ‘खून करणे’ ह्या धातूत सकारांची गर्दी मुळातच आहे. त्याचे द्वितीय पुरुषी बहुवचन करू जाता ‘आसासिनासिए’ असा फूत्कार निघतो. आल्फाँस आले ह्या विनोदी लेखकाच्या नावावर सांगितली जाणारी एक प्रेमविलापिका ह्याच गमतीवर उभी आहे. त्यात प्रियकर इतक्या शुद्ध व्याकरणाने विव्हळतो की त्याच्या दुःखाचे हसे होते. तो विनोद आम्हांसही आवडतो. पण विनोद म्हणजे पुरावा नव्हे.

कारण असे की, ह्याच लॅटिन रूपाच्या पोटी जन्मलेली भावंडे शेजारच्या भाषांत आजही धडधाकट आहेत. इटालियन मनुष्य ‘त्याने यावे अशी माझी इच्छा होती’ असे सांगताना ‘व्हेनिस्से’ म्हणतो आणि कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. पोर्तुगीजमध्ये तेच ‘व्हिएस’ ह्या रूपाने रोजच्या बोलण्यात आहे, आणि त्याचा पुरावा पाहण्यासाठी युरोपास जावयास नको. गोव्यातील ज्या घरांत जुन्या पिढीची माणसे अद्याप पोर्तुगीज बोलतात, तेथे स्वयंपाकघरातील बोलण्यातही हे रूप कानी पडेल. तेथे ते पंडिती नाही, विनोदी तर नाहीच. ‘स’काराच्या द्वित्वात जन्मजात काही हास्यास्पद असते तर ही भावंडे केव्हाच मेली असती.

मग फ्रेंचमध्येच ते का मेले? साधा भूतकाळ गेला हे एक कारण वर सांगितलेच. दुसरे आमच्या मते ध्वनीचे आहे. इटालियनमध्ये तृतीय पुरुषातही ‘स्से’ स्पष्ट ऐकू येतो. फ्रेंचमध्ये नेमका तृतीय पुरुषी एकवचनातील ‘स’ गळाला आणि त्याच्याबरोबर कानास पटणारा भेदही गेला. ‘होता’ ह्या अर्थाचे साध्या भूतकाळाचे ‘फ्यू’ आणि ‘असावा’ ह्या अर्थाचे ह्या रूपाचे ‘फ्यू’ ही दोन्ही बोलण्यात एकच. भेद केवळ डोळ्यांस दिसणाऱ्या टोपीचा. म्हणजे जो पुरुष माणसाच्या बोलण्यात फार वेळा येतो तेथे हे रूप ऐकू येईनासे झाले, आणि जे पुरुष क्वचित येतात तेथे ते लांबलचक व ठळक होऊन बसले. नेहमी भेटणारा सोबती अदृश्य व्हावा आणि वर्षाकाठी येणारा पाहुणा मात्र ढोल वाजवीत यावा, तसे झाले. सवय मोडली ती ह्यामुळे. आणि सवय मोडलेली कोणतीही गोष्ट पुढे विद्रूप दिसू लागतेच.

१९९० साली फ्रान्समध्ये लेखनसुधारणा सुचविण्यात आल्या, तेव्हा इ आणि यू ह्या स्वरांवरील पुष्कळ टोप्या उतरविण्यात आल्या. पण ह्या क्रियारूपावरील टोपीस हात लावला नाही, कारण तेथे ती अर्थभेद दाखविते. आपल्याकडे १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम ठरले आणि अनुच्चारित अनुस्वार एकगठ्ठा गेले. ‘मी करतों’ आणि ‘तो करतो’ ह्यांतील डोळ्यांस दिसणारा भेद त्यांच्याबरोबर गेला. आम्ही त्या निर्णयाचे विरोधक नाही. परंतु मुक्या चिन्हासही काही वेळा बोलावयाचे असते, एवढा विचार फ्रेंचांनी अधिक केला असे म्हणावे लागते.

आता दुसरा आरोप: ह्या रूपास स्वतंत्र अर्थ नाही, मुख्य क्रियापदाच्या मागे मागे चालणारी ती नुसती सावली आहे. शाळेतील नियमापुरते पाहिले तर हे खरे वाटते. परंतु रासीनचे ‘आंद्रोमाक’ हे १६६७ चे नाटक उघडावे. पहिल्या अंकात हेक्टरची विधवा आंद्रोमाक आपला बंदिकर्ता पिरुस ह्याच्यासमोर उभी आहे. ग्रीकांचा वकील तिच्या लहानग्या मुलाचा जीव मागावयास आला आहे. ती त्या मागणीमागील भय उलगडून दाखविते, आणि दोन भयांची नावे घेते. मूल मोठे होऊन बापाचा सूड घेईल, हे भय त्यांस नाहीच, असे ती म्हणते. तेथे क्रियापद वर्तमानाच्या सब्जंक्टिव्हमध्ये आहे. भय वाटते ते हे, की मूल आईचे अश्रू पुसील. आणि तेथे रासीन एकदम हे भूतरूप योजतो. दोन्हीकडे मुख्य क्रियापद वर्तमानकाळीच आहे. शाळेच्या नियमाने दुसऱ्या ठिकाणीही वर्तमानच हवे होते; परीक्षकाची तांबडी शाई रासीनवरही सांडली असती.

व्याकरणकार ह्याचे समर्थन असे करतात की दुसऱ्या वाक्यात एक अध्याहृत अट आहे: मूल जगू दिले तर. आम्हांस ह्यापुढे जाऊन असे वाटते की त्या एका रूपात आईची निराशा उघडी पडते. सूड घेणे ही शत्रूच्या कल्पनेतील गोष्ट. ती बोलण्यापुरती शक्य कोटीत ठेवावयास तिची हरकत नाही. परंतु आपले मूल आपले डोळे पुसील, हे तिला स्वतःलाच खरे वाटत नाही. ते होणार नाही असे मनाशी धरूनच ती बोलते आहे. तक्रार ती एका अक्षराचीही करीत नाही. क्रियापदाचा काळच ते करतो. छंदासाठी कवीने हे रूप घेतले असे कोणी म्हणेल. असेलही, पण थोर कवीच्या हाती छंदाची गरज आणि अर्थाची गरज एकाच उंबरठ्यावर भेटतात, हा अनुभव आम्हांस आमच्या पंतकवींनीही अनेकदा दिला आहे.

आणि येथे मराठी वाचकासाठी एक आश्चर्य आहे. ‘त्याने यावे’ ह्या विध्यर्थाने आपले सर्व काम भागते असे वर म्हटले. पण रासीनच्या ह्या जागी तो अपुरा पडतो. ‘आईचे अश्रू पुसावे’ म्हटल्याने ती निराशा येत नाही. येथे मराठीचे दुसरेच एक रूप हवे, आणि ते आपल्या भाषेत होते: ‘तो जगता, तर आईचे डोळे पुसता.’ दादोबा पांडुरंगांपासून मोरो केशव दामल्यांपर्यंतच्या परंपरेने ज्यास संकेतार्थ म्हटले, त्याचे हे साधे रूप. ‘पाऊस पडता, तर पीक येते’. ‘तू सांगतास, तर मी थांबतो’. न घडलेल्या गोष्टीविषयीची एवढी थोडक्यात बोलणारी हळहळ आम्हांस दुसऱ्या कोणत्या रूपात दिसत नाही. आज ‘पडला असता’, ‘सांगितले असतेस’ ह्या लांब रूपांनी त्याची जागा घेतली आहे. साधे रूप राहिले ते मुख्यतः ‘असणे’ ह्या एका धातूत: ‘तो येथे असता तर’. फ्रेंचमध्येही अगदी हेच घडले. हे भूतरूप जे थोडेबहुत लिहिण्यात उरले ते ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ ह्या अर्थांच्या दोन धातूंच्या तृतीय पुरुषी रूपांत. पास्कालने क्लिओपात्राच्या नाकाविषयी जे प्रसिद्ध वाक्य लिहिले त्यातील न घडलेली अट ह्याच सहाय्यक रूपावर तोललेली आहे. घर मोडले तरी देवघराची भिंत उभी राहावी, तशी ही रूपे दोन्हीकडे उभी आहेत.

ज्या रूपाने रासीनच्या हाती असे काम केले ते नुसते अलंकार होते असे आता कोणास म्हणवेल? तथापि एकोणिसाव्या शतकानंतर ते पुष्कळ अंशी अलंकार झाले हेही नाकारता येत नाही. जे सर्वांच्या तोंडी असते त्याने अर्थ सांगता येतो. जे थोड्यांच्याच तोंडी उरते त्याने प्रथम बोलणाऱ्याची इयत्ता सांगितली जाते, अर्थ मागाहून. ह्या अवस्थेचे सर्वांत मार्मिक चित्र आम्हांस आल्बेर काम्यूच्या ‘ला श्यूत’ ह्या १९५६ च्या कादंबरीत सापडते.

क्लामाँस नावाचा पॅरिसमधील एक माजी वकील आमस्टरडॅमच्या एका मद्यगृहात एका अनोळखी देशबांधवास गाठतो आणि बोलत सुटतो. आरंभीच्या पानांतच त्याच्या तोंडून ‘फीस’ असे रूप जाते. ‘करणे’ ह्या धातूचे हेच आपले रूप, तेही प्रथम पुरुषी एकवचन. ऐकणारा दचकतो, क्लामाँसला ते दिसते, आणि तो कबूल करतो की ह्या रूपाचे व एकंदर घोटीव भाषेचे आपणांस वेड आहे. लगेच तो हेही सुचवितो की उंची कापडाखाली पुष्कळदा त्वचारोग झाकलेला असतो. वाचक हसून पुढे जातो. पण व्याकरणाकडे पाहणाऱ्याने येथे थांबावे. त्या वाक्यात दोन्ही क्रियापदांचा कर्ता एकच आहे, आणि अशा ठिकाणी फ्रेंचमध्ये साधे धातुरूप योजणे हीच सरळ वाट असते. ती वाट सोडून, मुद्दाम वळसा घेऊन, क्लामाँस ‘फीस’पाशी जातो. टाळता आले असते ते टाळले नाही. एवढ्या एका वळशात लेखकाने त्याचा सारा स्वभाव मांडला आहे.

पुढे कळते की एके रात्री पाँ रॉयाल पुलावर एक तरुणी कठड्याशी वाकून उभी होती. क्लामाँस तिच्या मागून पुढे गेला. थोड्या अंतरावर त्यास पाण्यात काही पडल्याचा आवाज आला. तो थांबला, पण मागे वळला नाही, आणि कोणास काही सांगितलेही नाही. सगळी कादंबरी ह्या न केलेल्या कृत्याभोवती फिरते. ‘मी वळतो, तर ती वाचती’ असे हे आयुष्य. ज्याने आपले आयुष्य न घडलेल्या गोष्टींच्या कोटीत हरविले त्याच्या तोंडी न घडलेल्या गोष्टींचे हे रूप शोभेच्या वस्तूसारखे यावे, ह्यात काम्यूचा कठोर उपरोध आहे असे आम्ही समजतो. रासीनच्या आंद्रोमाकने त्या रूपात आपले दुःख ठेवले. क्लामाँस त्याच रूपामागे आपले दुष्कृत्य लपवितो.

ही कादंबरी जो कोणी मराठीत आणू पाहील त्यास आमची एक सूचना आहे. त्या दचकण्याच्या जागी कोणतेही शुद्ध मराठी रूप घालून चालणार नाही. मराठी श्रोता दचकेल असेच रूप तेथे पाहिजे. ‘ओढिला’, ‘न होई’ असल्या जुन्या लेखी रूपांत ती शक्ती आहे. ‘आजोबा पहाटे उठत आणि नदीवर जात’ हे आपण आजही लिहितो, पण चहाच्या टेबलाशी कोणी ‘मी जाई’ म्हणाला तर शेजारचा पेला खाली ठेवील. अनुवादकाने तो पेला खाली ठेवावयास लावला पाहिजे. नाहीतर वाचकास क्लामाँस नुसता बोलका गृहस्थ वाटेल.

काम्यूविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. हा लेखक अल्जेरियात दारिद्र्यात वाढला. बाप १९१४ साली पहिल्या महायुद्धात मेला, आई निरक्षर होती व लोकांच्या घरची कामे करून संसार चालवी. त्याच्या घरात ‘फीस’ म्हणणारे कोणी असणे शक्य नव्हते. ते रूप त्यास शाळेत मिळाले. लुई जेर्मँ ह्या प्राथमिक शिक्षकाने त्यास हाताशी धरून पुढील शाळेच्या शिष्यवृत्तीपर्यंत नेले, आणि १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाल्यावर काम्यूने त्या वेळची आपली भाषणे त्याच शिक्षकास अर्पण केली. १९४२ च्या आपल्या पहिल्या प्रसिद्ध कादंबरीत ह्याच लेखकाने साधा भूतकाळ बाजूस ठेवून रोजच्या बोलण्याच्या संयुक्त भूतकाळात कथा सांगितली होती. म्हणजे दोन्ही साधने त्याच्या हाती होती. कोणते कोणाच्या तोंडी द्यावयाचे एवढेच त्याने ठरविले. जे रूप मोलकरणीच्या मुलास शाळेने दान म्हणून दिले, त्याच रूपाचा कोणा वकिलाच्या तोंडी काय उपयोग होतो हेही त्याने ओळखले. शिक्षकाने दिलेल्या वस्तूची ह्याहून मोठी परतफेड आम्हांस ठाऊक नाही.

ह्यावरून आमचे मत आता वाचकांपुढे ठेवतो. हे क्रियारूप बोलण्यात परत आणण्याचा खटाटोप व्यर्थ आहे, आणि ते न बोलणाऱ्यास अशिक्षित समजणे हा उद्धटपणा आहे. परंतु ते शिकविणे सोडावे असेही आम्ही म्हणणार नाही. ज्यास ते ओळखता येत नाही त्यास आंद्रोमाकची निराशा अर्धीच ऐकू येईल आणि क्लामाँसचा मुखवटा मुळीच दिसणार नाही. ते ओळखावयास शिकवावे, योजावयास भाग पाडू नये. आमच्या ‘येता’, ‘पुसता’, ‘सांगतास’ ह्या रूपांविषयीही आमचे म्हणणे हेच आहे. मुलांनी ती बोलावी असा हट्ट कोणी धरू नये. पण जुन्या पोथ्यांत व आजीच्या बोलण्यात ती भेटली तर ‘हे चुकीचे मराठी’ असे त्यांनी म्हणू नये, एवढे तरी पाहणे आपल्या हाती आहे. आम्ही इंग्रजी शिकलेली माणसे ह्या बाबतीत दुहेरी अपराधी आहोत. परभाषेत, तिच्या मालकांनी टाकून दिलेले दागिनेही आम्ही अंगावर वागवितो. स्वभाषेत, घरचे सोनेही आम्हांस ओळखता येत नाही.

राहता राहिली ती मुलगी. आज ती चाळिशीच्या घरात असेल. कोठे आहे हे आम्हांस ठाऊक नाही. तिने लिहिलेले वाक्य बरोबर होते. आम्ही जे म्हणालो ते तिला न म्हणतो, तर ती कदाचित पुढे रासीनपर्यंत येती. हे मासिक तिच्या हाती पडलेच तर तिने एवढे वाचावे, की तिचे दोन गुण आमच्याकडे अद्याप बाकी आहेत.